पिस्तुलाला दिलेली जागा

करंजीच्या घाटात, भरल्या एस.टी.त, माझ्या पँटच्या उजव्या पायातून पिस्तूल खाली पडलं.

असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, हा माणूस एके काळी मोठा धाडसी असणार. तसं काही नाही. मी नगरजवळ, नागापूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. नटबोल्ट मोजून देणं आणि सही घेतल्याशिवाय कुणाच्या हाती पान्हासुद्धा न ठेवणं, एवढंच माझं शौर्य. त्यातून नुकताच काविळीतून उठलेला. पँट कमरेला सैल झाली होती आणि पट्ट्याला नवं भोक पाडून घ्यायचं आज-उद्यावर राहिलं होतं. पिस्तूल कमरेला खोचताना हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी ते खोचलं, कारण निघताना मेहुणा म्हणाला, “दाजी, पिशवीत काय घालताय? भाजी हाय का ती? कमरंला लावा. मर्दावानी.”

मर्दावानी म्हटलं की शहाणा माणूसही कशी माती खातो, ते बघा. मी शर्ट वर केला, पिस्तूल खोचलं, शर्ट खाली सोडला आणि एस.टी.च्या दांडीला लटकून उभा राहिलो.

तिसगाव मागे पडलं आणि कमरेला काहीतरी चावलं. जरा वेळानं पुन्हा चावलं. मग एका जागी राहीना, चारी बाजूंनी चावायला लागलं. शिवाय कुठून तरी आंबूस वास येत होता, विरजण बिघडलेल्या भांड्याला येतो तसा. काविळीतून उठलेल्या माणसाला स्वतःच्या अंगाबद्दल फार संशय असतो. मला वाटलं, हा आपलाच घाम. म्हणून मी लोकांपासून जमेल तेवढा आक्रसून उभा राहिलो. घाटाचं पहिलं वळण आलं, तेव्हा मात्र राहवेना. दांडीचा हात सोडला आणि कमरेला कचाकचा खाजवलं. पिस्तूल सुटलं, मांडीवरून थंडगार घसरत पायाशी आलं आणि पत्र्यावर आपटून कंडक्टरच्या बुटाला जाऊन लागलं.

एस.टी.तली बडबड एकदम थांबली. पुढं कुणाच्या तरी मांडीवरची कोंबडी तेवढी बोलत होती.

हे पिस्तूल माझ्या सासऱ्यांचं. त्यांची वस्ती पाथर्डीकडच्या एका गावाबाहेर, मळ्यात. फार वर्षांपूर्वी शेजारच्या वस्तीवर दरोडा पडला, तेव्हा अर्ज-विनंत्या करून त्यांनी पिस्तुलाचा परवाना मिळवला. दरोडेखोर पुन्हा काही आले नाहीत. पिस्तूल राहिलं. मी त्यांना मामा म्हणायचो. मामा माणूस म्हणून चांगले, पण चारचौघांत बसले की हात आपोआप कमरेकडे जायचा आणि समोरचा माणूस आपोआप बोलायचा थांबायचा. मला ते बघून कसंसंच व्हायचं. पण जावई असल्यामुळं मी पुरणपोळी खायचो आणि गप्प बसायचो.

दुष्काळाच्या साली मामांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. त्यांना बघायला गेलो, तर उशाशी हीऽ गर्दी. पण लोक आजाऱ्याची विचारपूस करत नव्हते, पिस्तुलाची करत होते. एक पाव्हणे मोसंबी घेऊन आले होते. मामांच्या वाकड्या झालेल्या तोंडात एकेक फोड घालायची, ओघळलेला रस त्यांच्याच धोतराच्या सोग्यानं पुसायचा, आणि विचारायचं, “मग? परवाना कुनाच्या नावावर करायचा म्हणताय?” मामा नुसते छताकडे बघायचे. पाव्हणे दुसरी फोड सोलायचे. आयुष्यात मला पुष्कळ गोष्टींची किळस आली, पण त्या मोसंब्याइतकी क्वचितच. मी आजही मोसंबं खात नाही. घरच्यांना सांगतो, सर्दी होते.

परवाना आपल्या नावावर व्हावा ही मेहुण्याची इच्छा. इच्छा कसली, तो ते धरूनच चालला होता. त्याचा आणि चुलतभावाचा सामाईक विहिरीवरून तंटा होता. विहिरीला पाणी उरलं होतं थोडं, त्याच्या पाळ्या ठरलेल्या. आपली पाळी सुरू झाली की मेहुणा ऑइल इंजनाच्या खोक्यावर बापाचं पिस्तूल काढून ठेवायचा आणि शेजारी बिडी ओढत बसायचा. बोलायचा काही नाही. चुलतभाऊ लांब बांधावर उभा राहून बघायचा. दुसऱ्या पाळीला म्हणे तोही कुऱ्हाड घेऊन आला.

ही बातमी आमच्या सावेडीच्या खोलीपर्यंत आली आणि बायको त्या रात्री जेवली नाही. ती म्हणाली, “दादा एक दिवस कुणाला तरी मारणार, नाही तर स्वतः मरणार. तुम्ही ते नगरला आणा. कसंही करा, पण पुढच्या पाळीला ते तिथं नको.”

देवानं सोय केली. सोय म्हणजे परवान्याची मुदत. ती वर्षाअखेरीला संपत होती आणि नूतनीकरणाला हत्यार घेऊन नगरला हजर व्हावं लागणार होतं. मेहुण्याला स्वतः न्यायचं होतं. पण मामांनी डाव्या हातानं माझ्याकडे बोट केलं. मेहुणा म्हणाला, “बरं हाय. दाजी नगरातलेच हायेत. चकचकीत शिक्का मारून आणा, म्हंजे झालं.”

मी आधी ठाण्यात जाऊन विचारून आलो, कारण विचारल्याशिवाय काही करणं आमच्या पेशात बसत नाही. तिथल्या हवालदारांनी नियम नीट समजावला. परवाना ज्याच्या नावाचा, हत्यार त्याच्याच जवळ. दुसऱ्यानं बाळगलं की गुन्हा, मग तो मुलगा असो की जावई. मालक अंथरुणाला खिळलेला असेल, तर त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्यानं न्यायला हरकत नाही, पण तेही नूतनीकरणाला किंवा दुरुस्तीला, आणि पत्रात जे लिहिलंय तेवढ्यालाच.

“मधी कुठं लग्नाबिग्नाला जायचं न्हाई,” ते म्हणाले. “पाव्हन्याला दाखवायचं न्हाई. हत्यार रिकामं, काडतुसं निराळी, कापडात बांधून पिशवीत. परवाना आन् पत्र खिशात. सरळ जायाचं, सरळ यायचं.”

मला हा नियम मनापासून आवडला. हा तर आमचा गेटपास! कुठला माल, कुणाच्या हाती, कशासाठी, कुठवर. ग्रामसेवकानं पत्र लिहिलं, ‘परवान्याच्या नूतनीकरणासाठी माझे जावई यांच्या हस्ते’ वगैरे, आणि खाली मामांचा डावा अंगठा घेतला. सासूबाईंनी देवघरातल्या पेटीतून पिस्तूल काढलं. दसऱ्याला पूजा झाली की ते वर्षभर देवांच्या पेटीतच असायचं, अर्थात विहिरीची पाळी नसेल तेव्हा. खोबरेल तेलानं वरून कसं लखलखत होतं. त्यांनी ते जुन्या खणात गुंडाळलं आणि माझ्या हातात देता देता हळूच विचारलं,

“नगरला आतनं बगत्यात का वो?”

“सगळं बघतात, मामी. आतून, बाहेरून. कायदा आहे,” मी ऐटीत म्हणालो.

“बगू द्या की मंग,” त्या म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या.

आणि एवढं सगळं करून, खिशात परवाना, खिशात पत्र, काडतुसं तंबाखूच्या डबीत वेगळी, असा कायद्याचा पुतळा होऊन मी एस.टी.च्या थांब्यावर आलो, आणि मेहुण्याच्या एका शब्दासरशी तो खण सोडून पिस्तूल कमरेला लावलं. पुढचं वर आलंच आहे.

तर पिस्तूल कंडक्टरच्या बुटापाशी. मी वाकून उचललं. “परवाना आहे, परवाना आहे,” असं म्हणत खिशातले कागद वर धरले. कुणी बघितलेसुद्धा नाहीत. मला वाटलं होतं, लोक चिडतील. म्हणतील, काय हो हा वेडेपणा, पोरंबाळं आहेत गाडीत. एखाद्यानं माझं बखोट धरून मला खाली उतरवायला हवं होतं. मी असतो तर उतरवलं असतं, म्हणजे पिस्तूल दुसऱ्याचं आणि तो माझ्याहून किरकोळ असता तर. पण तसं काही झालं नाही. झालं ते फार वाईट होतं.

कंडक्टर मघापासून सुट्ट्या पैशांवरून माझ्यावर खेकसत होता. तो म्हणाला, “राहू द्या साहेब, नगरला बघू.”

साहेब! काविळीनं पिवळा पडलेला, सैल पँट सावरत उभा असलेला मी. मला आमच्या कारखान्यातला वॉचमनसुद्धा साहेब म्हणत नसे.

मग जवळच्या बाकावरून एक म्हातारी उठली. दुष्काळी खडीच्या कामावरून येत असावी. दोन्ही हातांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या, लुगडं धुळीनं पांढरं, हातात कामावर खायला मिळालेल्या सुकडीची पुडी. तिनं ती पुडी पोटाशी धरली, खालमानेनं बाजूला झाली आणि म्हणाली, “बसा दादा.”

“अहो आजी, तुम्ही बसा. मी बरा आहे उभा.”

“न्हाई न्हाई. बसा तुमी.”

“आजी, खरंच बसा हो! हे माझं नाही. सासऱ्यांचं आहे. रिकामं आहे.”

आता हे काय बोलणं झालं? ते ऐकून ती आणखीच मागे सरली. मी बसेना, ती बसेना. गाडी वळणं घेत होती. ती म्हातारी चिंध्यांच्या बोटांनी दांडी धरून लोंबकळत होती, मी दुसऱ्या बाजूनं लोंबकळत होतो आणि मधली जागा रिकामी. तेवढ्या गर्दीत त्या जागेवर बसायला कुणी तयार नव्हतं. शेवटी कंडक्टरनंच तोड काढली. “साहेब, ते पिशवीत घाला आन् पिशवी ठेवा तिथं. खाली नको पुन्हा.”

मी पिस्तूल खणात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि पिशवी त्या जागेवर ठेवली. दुसरं सुचेना. अशा रीतीनं करंजीच्या घाटापासून नगरच्या माळीवाड्यापर्यंत पिस्तूल बसून आलं. दिवसभर खडी फोडलेली म्हातारी आणि मी उभ्यानं आलो.

त्या पिशवीशेजारी पांढऱ्या टोपीचे एक गृहस्थ होते. मघा म्हातारी शेजारी होती तेव्हा ते तिला सारखे “सरक जरा, धूळ लागती” म्हणत होते. पिशवीला मात्र ते काही म्हणेनात. उलट मान वळवून माझ्याशी हसले.

“कुठलं मेक?”

“ठाऊक नाही.”

“लायसन कुनाच्या वशिल्यानं मिळालं? आमचा अर्ज तीनदा फेटाळला बघा.” मग आवाज खाली आणून, “एकदा हातात धरू द्या की.”

“नियमात बसत नाही,” मी म्हणालो.

“आवो, नुस्तं धरायचंय. उडवायचंय व्हय?” असं म्हणत त्यांनी पिशवीवरून हात फिरवला. लाडक्या नातवाच्या पाठीवरून फिरवावा तसा. मला मळमळायला लागलं. घाटाची वळणं होती, आंबूस वास होता, कावीळही होती, तेव्हा सगळा दोष त्या गृहस्थांना देत नाही. पण निम्मा तरी त्यांचा. त्यांचा तो हात आणि मामांच्या तोंडाशी मोसंब्याची फोड धरणारा हात मला एकाच माणसाचे वाटले. आणि खरं सांगायचं तर, कंडक्टरनं साहेब म्हटलं त्या क्षणाला माझीही मान अर्धा इंच ताठ झाली होती.

माळीवाड्याला उतरताना मी म्हातारीला म्हणालो, “आजी, माफ करा हं.” ती घाईनं म्हणाली, “न्हाई दादा, तुमचं काय चुकलं?” आणि जवळजवळ पळालीच.

कचेरीत हत्यारं तपासायला एक वयस्कर जमादार बसले होते. मी परवाना ठेवला, पत्र ठेवलं, काडतुसांची डबी ठेवली, पिस्तूल ठेवलं. त्यांनी कागद वाचले, नंबर ताडून बघितला आणि पिस्तूल हातात घेऊन एकदम नाक मुरडलं.

“जेवनाच्या डब्यात ठिवलं हुतं का?”

“नाही. म्हणजे, वास मलाही येत होता. मला वाटलं माझाच.”

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग एक बारीक तार घेऊन नळीत घातली. तार बोटभरसुद्धा आत जाईना. त्यांनी नळी टेबलावर आपटली, खरवडली, आणि आतून काळपट तपकिरी खपली निघाली. चिकट. तिच्यावर मेलेल्या मुंग्यांचा थर आणि त्यातून वाट काढत बाहेर आलेल्या चार-दोन जिवंत लाल मुंग्या. मुंग्या माझ्याच कमरेच्या ओळखीच्या. नळीतून पुन्हा एक गोळा निघाला आणि त्यात तांदळाचा दाणा होता. हळदीनं पिवळा झालेला.

जमादारांनी तो बोटावर घेऊन हुंगला, बोट लांब धरलं.

“पंचामृत हाय व्हय हे?”

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दसऱ्याची पूजा! सासूबाई दरवर्षी हत्यारांची पूजा करायच्या. कोयता, कुऱ्हाड, पिस्तूल. त्यात दूध, दही, तूप, मध, साखर सगळं आलंच.

“दसऱ्याला आमी बी हत्यारं पुजतो,” जमादार म्हणाले. “हळदकुंकू लावतो, झेंडू वाहतो. पाजत न्हाई.” त्यांनी बोट टेबलाखालच्या फडक्याला पुसलं, पुन्हा हुंगलं आणि पुन्हा पुसलं. “मागल्या खेपंला नळी साफ हुती, तसा शेरा हाय. म्हंजे ही तीन वर्सांची मेहनत. नशीब समजा, कुनी बार काढला न्हाई. नळी अशी गच्च असल्यावर गोळी भाईर येत न्हाई, नळीच फुटती. धरनाराचा पंजा गेला असता. डोळाबी.”

मला इंजनाचं खोकं दिसलं. त्यावरचं लखलखीत पिस्तूल आणि शेजारी बिडी ओढणारा मेहुणा.

असल्या हत्याराचं नूतनीकरण होणार नव्हतं. मी म्हणालो, मग दुरुस्तीला टाकतो, नगरात परवानाधारक दुकान आहे. जमादारांनी माझं पत्र माझ्यापुढंच धरलं. “हितं नूतनीकरन लिहिलंय. दुरुस्ती लिहिलीय का? न्हाई. मग तुम्हाला ते दुकानात न्येता येत न्हाई आन् आता घरीबी न्येता येत न्हाई. हितं जमा करा, पावती घ्या. मालकाचं नवं पत्र आना. दुरुस्तीचं आना, न्हाई तर कायमचं जमा करायचं आना. मालक म्हनंल तसं.”

गेटपासवर जे लिहिलंय तेवढंच. आयुष्यभर हाच नियम मी दुसऱ्यांना ऐकवला होता. त्या दिवशी तो मला कुणीतरी ऐकवला आणि इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! पिस्तूल गेलं, पावती आली. मी बाहेर येऊन नळावर हात धुतले. मग साबण विकत घेऊन पुन्हा धुतले.

घरी बायकोला सगळं सांगितलं. म्हातारीचं, पांढऱ्या टोपीचं, पंचामृताचं. पंजाचं तेवढं सांगितलं नाही. काही झालं तरी तिचा सख्खा भाऊ. ती मेथी निवडत होती. पंचामृताचं ऐकून हात जरासा थांबला, “असं का?” म्हणाली आणि पुन्हा मेथी.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं वस्तीवर गेलो. मेहुणा थांब्यावरच उभा होता. बहिणीला ‘आलीस का’ नाही, मला ‘तब्येत कशी’ नाही. पहिला प्रश्न, “आनलं?”

“नळी खराब निघाली. जमा करून घेतलं त्यांनी.”

“म्हंजे? नगरला ठिवून आलात? दाजी, घराची अब्रू ठिवून आलात की वो तुमी!”

“अब्रूला मुंग्या लागल्या होत्या,” मी म्हणालो. त्याला काही कळलं नाही. जास्त बोलणं धोक्याचं होतं, कारण पंचामृताचं कळलं असतं तर त्यानं सासूबाईंना फाडून खाल्लं असतं. भाबडेपणानं झालेली चूक, कशाला सांगा.

घरात मोसंबीवाले पाव्हणे होतेच. मेहुण्यानं ग्रामसेवकालाही बोलावून ठेवलं होतं. “लिव्हा, दुरुस्तीसाठी,” तो म्हणाला. “खर्च कितीबी येऊ द्या. आन् फुडल्या पाळीच्या आत मला ते हितं पाहिजे. त्यो कुऱ्हाड घिऊन येतोय तिकडनं.”

बायको मामांच्या उशाशी बसली. त्यांचा डावा हात हातात घेतला. “तात्या, पिस्तूल बिघडलंय. दुरुस्त करून आणायचं, का कायमचं जमा करून टाकायचं? तुम्ही म्हणाल तसं.”

“ह्यात इचारायचं काय?” मेहुणा म्हणाला. “तात्या, घरान्याची शान हाय ती.”

“शान हाये, शान हाये,” पाव्हण्यांनी मोसंबं सोलता सोलता मान हलवली.

मामांनी पाव्हण्यांकडून मान वळवली. मग वाकड्या तोंडानं, एकेक अक्षर ढकलत, मुलाला म्हणाले, “पाळी… कवा हाय?”

“आपली? परवा सकाळी.”

“पिस्तूल… न्हाई. मग इंजनावर… काय ठिवशील?”

मेहुणा गोंधळला. “काय ठिवनार? खोरं ठिवावं लागंल.”

“त्यो कुऱ्हाड आनल… तू खोरं नेलं तर?”

सासूबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक दातात धरलं होतं.

“खोऱ्यानं… पानी दे,” मामा म्हणाले. “पिकाला.” आणि त्यांनी बायकोच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि डावा अंगठा ग्रामसेवकापुढं धरला. “जमा… लिव्ह.”

मेहुणा ताडकन उठून बाहेर गेला. पाव्हण्यांनी सोललेली फोड धरलेला हात जरा वेळ तसाच ठेवला आणि मग ती स्वतःच खाल्ली. थोड्या वेळानं ते उठले आणि पुन्हा त्या घरात मामांना बघायला आले नाहीत. उरलेले पाव्हणेही हळूहळू पांगले. आजारी माणूस तेवढा शिल्लक राहिला.

परवाच्या पाळीला मेहुणा खोरं घेऊन गेला. चुलतभाऊ कुऱ्हाड घेऊन आला, बांधावर उभा राहिला, खोक्यावर काहीच नाही हे बघितलं, आणि मग दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्या काढल्या. दुपारपर्यंत काढत होते म्हणे. पण पिढ्याच काढल्या, रक्त नाही.

हे पुढं कळलं. त्या रविवारी मात्र आम्ही परतीच्या एस.टी.त शेजारी शेजारी बसलो होतो आणि जमा करायचं पत्र माझ्या खिशात होतं. जागा मिळाली होती, पिस्तूल नसतानाही. काम झालं, आता लपवण्यात काय अर्थ, म्हणून मी बायकोला जमादारांचं ते वाक्य सांगून टाकलं. बार काढला असता तर नळी फुटून दादाचा पंजा गेला असता. डोळाही.

ती एकदम माझ्याकडे वळली. चेहरा उतरला होता. घाट लागला तेव्हा खिडकीबाहेर बघत, हळू आवाजात म्हणाली,

“माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात तात्यांनी मांडवात बार काढला, आठवतं? तेव्हा दादा ‘मला द्या, मला द्या’ म्हणून त्यांच्या हाताशी झोंबत होता. त्याचं तोंड आईनं बघितलं. तेव्हापासून दसऱ्याला ती पंचामृत नळीतच ओतायची आणि वरून तेवढं पुसून लख्ख करायची. मला म्हणाली होती, देवाच्या नावानं करते, कुणाला कळायचं नाही. तिला वाटलं, ते मुकं होईल.”

त्या वस्तूला मुकं करायला गेलं तरी ती चावणारच. तीही कुणाला, तर ज्याच्यासाठी मुकं केलं त्यालाच. मला पुन्हा तो आंबूस वास आला.

गाडीनं वळण घेतलं. बायकोनं पदर सावरला आणि माझ्या दंडाला घट्ट धरलं.

“पंजाचं मात्र आईला कधी सांगू नका.”